गोविंदाचं वाक्य

१

मारबतीच्या दिवशी भर दुपारी पंचफुला भोयर लकडगंजातून नाहीशी झाली आणि दिवस मावळायच्या आत लोकांनी गोविंदाला धरलं.

साल १९७८. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. रोगराई, दुखणी, जे काही वाईट असेल ते घेऊन जा, असं त्या कागदाच्या राक्षसिणींना ओरडून सांगत सगळं शहर इतवारीकडे लोटतं. लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरामशिनी त्या दिवशी बंद होत्या. लाकडांच्या थप्प्यांमधल्या एका जुन्या गोदामात मात्र ‘सोबत’ उघडी होती. ‘सोबत’ म्हणजे मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या तरुण मुलामुलींची कार्यशाळा. पालकांनी मिळून चालवलेली. मुलं तिथे पाकिटं चिकटवत, खडू भरत. नागपुरात तेव्हा अशा मुलांसाठी दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल.

पंचफुला एकोणीस वर्षांची. बोलणं मोजकं, हसणं भरपूर. तिची आई बायजाबाई मिरवणूक बघून तिला न्यायला आली तेव्हा पंचफुला नव्हती. दारापाशी गोविंदा बसला होता. मौद्याचा गोविंदा, नागपुरात नातेवाइकांकडे राहून इथे येणारा, बावीस वर्षांचा, अंगाने थोराड. पंचफुलाच्या जुन्या चपला त्याने पोटाशी धरल्या होत्या.

“पंचफुला कुठी गेली रे?” बायजाबाईने विचारलं.

गोविंदा रस्त्याकडे बघत म्हणाला, “रडू नकोस. मी तुला घेऊन जाते. दुखणार नाही.”

बायजाबाईने किंकाळी फोडली. मिरवणुकीतून परतणारी माणसं धावली. पुढे काय झालं ते गोविंदाच्या फुटलेल्या ओठावर आणि सुजलेल्या डोळ्यावर दिसत होतं. पोलीस आले म्हणून तो वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई प्रयागबाई मौद्याहून पहिल्या एस.टी.ने आली आणि थेट वकील अंजनाबाई मेश्राम यांच्या दारात बसली.

“वकीलबाई, माह्या पोराले गुन्ह्यातलं काही समजत नाही जी. तो तर कोनी इचारलं त तेच बोलते. कोनी ‘तू चोर का’ म्हटलं त ‘तू चोर का’ म्हनते. त्याले कोठडीत टाकलं. अंधाराले लय भेते तो.”

अंजनाबाईंनी काळा कोट उचलला. “चला,” त्या म्हणाल्या.

२

अंजनाबाई जिल्हा कोर्टात वकिली करत. वडील छपाईखान्यात कामाला होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा अंजना शाळकरी मुलगी होती आणि तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता, ताराचंद. ताराचंदही गोविंदासारखाच होता. त्याच्यासाठी शाळा नव्हती, कार्यशाळा नव्हती. होता फक्त घरातला एक कोपरा. त्या कोपऱ्यातच तो विसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. त्यामुळे ‘सोबत’च्या संचालिका कुसुमताई जेव्हा पालक संघाची नोंदणी करायला त्यांच्याकडे आल्या, तेव्हा अंजनाबाईंनी ते काम आपलं म्हणूनच केलं होतं.

फौजदार रुपराव वाईट माणूस नव्हता. पण त्याला घाई होती.

“कबुली दिली ना बाई त्याने! पंचफुलाले कोनं नेलं म्हटलं, तर म्हनते, मी घेऊन जाते. विहिरीत ढकललं का म्हटलं, तर ढकललं म्हनते. चपला त्याच्यापाशी. आता विहिरी उपसून राहिलो आम्ही.”

“मी घेऊन ‘जाते’?” अंजनाबाईंनी विचारलं.

“हो. ते मारबतीचं ऐकून डोक्यात बसलं असंन. घेऊन जा, घेऊन जा, असं दिवसभर ओरडून राहिले होते न लोकं.”

कोठडीत गोविंदा भिंतीला टेकून डोलत होता. अंजनाबाई त्याच्याजवळ बसल्या. काही विचारलं नाही. प्रयागबाईने आणलेली भाकर त्याच्या पुढ्यात ठेवली.

“गोविंदाले भूक,” तो म्हणाला आणि खाऊ लागला.

“तो स्वतःले गोविंदाच म्हणते का?” त्यांनी प्रयागबाईला विचारलं.

“हो जी. लहानपनापासून. ‘मी’ म्हनून त्यानं कधी म्हटलंच नाही.”

खाऊन झाल्यावर गोविंदाने आईचा पदर धरला. मग जणू कोणीतरी कळ दाबावी तसा त्याचा आवाज बदलला. मऊ झाला, एकेक शब्द सुटा झाला.

“रडू नकोस. मी तुला घेऊन जाते. दुखणार नाही.”

हा गोविंदाचा आवाज नव्हता. हा आवाज त्याने कुठून तरी उचलून आणला होता.

३

‘सोबत’मध्ये त्या दिवशी मुलं नव्हती. पाकिटांचे गठ्ठे तसेच पडले होते. बायजाबाई उंबऱ्यावर बसून होती, कालपासून तिथून हलली नव्हती.

“मी रोज तिचा हात धरून आनतो अन् इथी ताईच्या हातात देतो,” ती म्हणाली. “काल बी तसंच केलं. तिच्या पोटात दुखून राह्यलं होतं. महिन्याचं होतं तिचं. मी म्हटलं, आज घरीच राय. पन तिचा बाप म्हने, जाऊ दे, तिथी मन रमते.”

“अनोळखी माणसाबरोबर जाते का ती?”

“अजिबात नाही. मी, तिचा बाप अन् ताई, एवढ्यांचाच हात धरते. बाकी कोनी हात लावला त जमिनीवर बसून घेते. उचलता बी येत नाही मंग.”

“आणि अनवाणी?”

“अनवानी!” बायजाबाईने गोदामाबाहेरच्या अंगणाकडे हात केला. भुसा, फळ्यांचे तुकडे, वाकडे खिळे. “लहानपनी तिच्या पायात खिळा गेला. तवापासून चपलेबिगर ती पाय खाली ठेवत नाही.”

अंजनाबाई त्या अंगणाकडे बघत राहिल्या. जुन्या चपला गोविंदापाशी. पंचफुला अनवाणी एक पाऊल टाकणार नाही. म्हणजे तिच्या पायात दुसऱ्या चपला होत्या, तिच्या मापाच्या, आधीच आणून ठेवलेल्या. वाट चुकलेल्या मुलीसाठी कोणी चपला आणून ठेवत नाही.

मुलांची ने-आण करणारा सायकल-रिक्षावाला धोंडबा रिक्षाच्या पायरीवर बसला होता. त्यालाही लोकांनी दोन थपडा दिल्या होत्या.

“माह्या रिक्षात ती बसलीच नाही बाई. काल रस्ते बंद होते. ताईनं सकाळीच मले सुट्टी देल्ली. म्हने, जा, मारबत पाहून ये.”

गोदामाचे मालक ओमप्रकाश लाकडाचे व्यापारी. गोदाम रिकामं करून हवं म्हणून वर्षभर भांडत होते. पंचफुलाच्या नाहीशा होण्याने त्यांचा फायदाच होता आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

“देखो वकीलबाई, मेरा झगडा कुसुमताईशी आहे. बच्ची से क्या दुश्मनी? मी तर कल दिनभर इतवारीत होतो, मारबतीवाल्यांना पाणी वाटत होतो. हजार लोकांनी पाहिलं मला.” मग थोडं थांबून ते म्हणाले, “ती रोज मला रामराम करायची. दुकानात दुसरं कोणी करत नाही.”

शेवटी कुसुमताई. पुण्याकडून लग्न होऊन आलेल्या, लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नसलेल्या. ‘सोबत’ त्यांनीच उभी केली होती. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

“मी असायला हवी होते,” त्या म्हणाल्या. “पण मी दुपारी कलेक्टर कचेरीत गेले होते, या गोदामाच्या अर्जासाठी. मुलं मीराबाईवर सोपवली होती. मीराबाई आमची मदतनीस. ती स्वयंपाकघरात होती, तिला काही कळलंच नाही. अंजना, एक सांगते, राग मानू नकोस. गोविंदासाठी फार ताणू नकोस. त्याला शिक्षा होणार नाही. वेड्यांच्या इस्पितळात ठेवतील. तिथे त्याला खायला-प्यायला मिळेल.”

अंजनाबाईंनी चमकून वर पाहिलं. कुसुमताईंनी आजवर एकाही मुलाला इस्पितळात जाऊ दिलं नव्हतं. दोघांना तर भांडून परत आणलं होतं.

४

पंचफुलाचे वडील महादेवराव आरामशिनीवर मिस्त्री होते. अंजनाबाई गेल्या तेव्हा पातं सुरू होतं आणि ते एकटेच ओंडका ढकलत होते. मुलगी हरवलेला बाप कामावर आलेला पाहून त्या क्षणभर दारातच थबकल्या. मग त्यांची नजर महादेवरावांच्या डोक्याकडे गेली. चकचकीत तासलेलं. मिशीही नव्हती.

मशीन थांबल्यावर अंजनाबाईंनी विचारलं,

“डोक्यावरचे केस काढले?”

“नवस बोललो,” ते खाली बघत म्हणाले. “पोरगी सापडू दे म्हनून.”

“सगळे विहिरी धुंडाळतायत. तुम्ही नाही गेलात?”

“काय उपयोग हाय?” ते म्हणाले. मग एकदम हात जोडले. “वकीलबाई, मले तक्रार मागं घ्याची आहे. त्या गोविंदाले सोडून द्या म्हना. त्याची काही गलती नाही. पंचफुलाले त्याचा लय लळा होता.”

“होता?”

महादेवरावांनी पुन्हा मशीन सुरू केली. पण ओंडका काही त्यांनी पुढे ढकलला नाही; पातं रिकामंच फिरत राहिलं.

अंजनाबाई रस्त्यावर आल्या. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. नवसाचे केस माणूस वाढवतो आणि नवस फळला की देवाला देतो. फळायच्या आधी कोणी देत नाही. फळायच्या आधी केस आणि मिशी जातात ते एकाच कारणाने.

महादेवराव सुतकात होते.

५

‘सोबत’चं दार लोटलेलं होतं. मागच्या खोलीत कुसुमताई एकट्याच मुलांच्या सतरंज्या झटकत होत्या. अंजनाबाई मधलं दार लावून समोर बसल्या.

“ताई, काल सुट्टी होती.”

“कसली?”

“तान्हा पोळा, मारबत. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी कचेऱ्या बंद होत्या. कोर्टही. मी स्वतः घरी होते. तुम्ही कलेक्टर कचेरीत कोणाला भेटलात?”

कुसुमताईंच्या हातातली सतरंजी खाली आली.

“कॉलेजात मला मुली हसायच्या,” अंजनाबाई हळू बोलत राहिल्या. “आमच्याकडे बाईही ‘मी जातो, मी करतो’ म्हणते. माझी आई असंच बोलायची, प्रयागबाई असंच बोलते, बायजाबाई असंच बोलते. ‘मी जाते’ म्हणायला मला दोन वर्षं लागली. गोविंदा मौद्याचा आहे. तो ‘तुला’ म्हणत नाही, ‘तुले’ म्हणतो. तो ‘मी’ तर म्हणतच नाही. त्याच्या तोंडात जे वाक्य आहे ते त्याचं नाही. ऐकलं तसं त्याने ठेवलंय, अक्षर न अक्षर, आवाजासकट. ते एका बाईचं वाक्य आहे. शिकलेल्या, इकडच्या नसलेल्या बाईचं. पंचफुला जिचा हात धरते अशा बाईचं. जिला तिच्या चपलेचं माप माहीत आहे, जिने धोंडबाला सकाळीच घरी पाठवलं, अशा बाईचं.”

बाहेर कुठेतरी फळी आपटली.

“लाल चपला घेतल्या होत्या,” कुसुमताई म्हणाल्या. “घालून नाचली ती. जुन्या गोविंदाला देऊन टाकल्या.”

“कुठे नेलंत?”

“कळमेश्वरच्या रस्त्याला एक खाजगी दवाखाना आहे. गर्भाशय काढून टाकायला. अंजना, तुला माहीत नाही. मागच्या महिन्यात एक माणूस या भिंतीवरून आत उतरला होता. मी वेळेवर आले म्हणून. दर महिन्याला ती रडायची, तिला काही उमगायचं नाही. महादेवराव माझ्यापाशी येऊन रडले. ताई, आम्ही मेल्यावर हिच्यासोबत कोनी काही केलं त? मी म्हटलं, मी बघते. बायजाबाई कबूल झाल्या नसत्या, म्हणून त्यांना सांगितलं नाही. मिरवणुकीचा दिवस धरला. आठ दिवसांनी घरी आणणार होतो. तोवर आत्याकडे पाठवली आहे असं महादेवराव सांगणार होते.”

“आणि?”

“भूल दिली. त्यातून ती उठलीच नाही.” कुसुमताईंनी सतरंजी जवळ ओढली. “डॉक्टर म्हणाले, गुपचूप आटोपा. महादेवराव मागच्या बसने आले होते. तिथल्याच नदीवर आम्ही दोघांनी तिला... माझी भाची म्हणून सांगितलं. परत आलो तर इथे गोविंदाला धरून नेलेलं.”

“तेव्हा बोलायचं होतं.”

“बोलले असते तर ‘सोबत’ त्याच दिवशी बंद झाली असती. एकाही आईने मूल पाठवलं नसतं. ओमप्रकाशांनी कुलूप घातलं असतं. ही मुलं पुन्हा कोपऱ्यात गेली असती, तुझा ताराचंद होता तशा कोपऱ्यात. गोविंदाला काही होणार नाही असं मी स्वतःला समजावलं.”

ताराचंदचं नाव ऐकून अंजनाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. ही बाई त्यांना आवडत होती. आत्ताही आवडत होती, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त त्रास होत होता.

“गोविंदाला अंधाराची भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “तुम्हालाच ते सगळ्यांत आधी कळलं होतं, ताई.”

कुसुमताईंनी डोळे पुसले. सतरंजीची घडी करून कपाटात ठेवली, पदर खांद्यावर घेतला.

“चल. फौजदाराकडे मी स्वतः सांगते. पण बायजाबाईंना...”

“त्यांना मी सांगेन,” अंजनाबाई म्हणाल्या.

बायजाबाई अजून उंबऱ्यावरच होती. अंजनाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि बोलल्या. बायजाबाई रडली नाही. फक्त, “तिले आग देल्ली तवा तिचा बाप होता न तिथी?” एवढंच विचारलं. होता म्हटल्यावर मान हलवली आणि दुसऱ्या बाजूला तोंड केलं. त्या दिवसापासून ती महादेवरावांशी बोलली नाही.

६

गोविंदा सुटला. कुसुमताई आणि तो डॉक्टर यांच्यावर खटला उभा राहिला, महादेवरावांवरही. कोर्टाचं काय व्हायचं ते पुढे होणार होतं. आधी पालक संघाची सभा भरली, त्याच गोदामात, कारण दुसरी जागा नव्हती. ‘सोबत’ ठेवायची की बंद करायची, एवढाच विषय होता.

पालक भिंतीकडेने खुर्च्यांवर बसले. घरी ठेवायला कोणी नसल्यामुळे मुलांनाही आणलं होतं. ती मधे सतरंजीवर होती. प्रयागबाईपाशी गोविंदा होता, ओठावर खपली धरलेला.

मनोहरराव नावाचे एक पोस्टमास्तर उठले. त्यांची मुलगी कौसल्या पहिल्या दिवसापासून ‘सोबत’मध्ये होती.

“ताई चुकल्या,” ते म्हणाले. “पण खरं सांगा, आपल्यापैकी कोणाच्या मनात हा विचार आला नाही? मुलगी असलेल्या कोणाच्या? ताईंनी तिच्या भल्यासाठीच केलं. वडिलांना विचारलं. डॉक्टरला विचारलं.”

कोणी वर बघेना. अंजनाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मागून आवाज आला. बायजाबाई. ती येईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

“बापाले इचारलं. डाक्टरले इचारलं,” ती म्हणाली. “माह्या पोरीले इचारलं होतं का कोनी? तिचं पोट होतं न ते.”

“अहो बाई, तिला काय समजणार?” कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं.

“मले समजते.”

सतरंजीवरून कौसल्या बोलली होती. पंचविशीची, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. तिच्या वडिलांनी तिला गप्प बसायची खूण केली.

“मलेबी नाही इचारत कोनी,” कौसल्या म्हणाली. शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता, पण ती थांबली नाही. “सगळे बोलून राहिले. पंचफुला, पंचफुला. पंचफुला कवा येईल? माह्या बाजूची जागा तिची हाय. कोनीच सांगून नाही राह्यलं.”

वकील, पोलीस, पालक, सगळ्या शहराला ठाऊक होतं. सतरंजीवर बसलेल्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. रोज तिच्याशेजारी बसून पाकिटं चिकटवणाऱ्यांना आपली मैत्रीण गेली हे कोणी सांगायचं असतं, असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. अंजनाबाईंच्याही नाही.

मनोहरराव खाली बसले.

बायजाबाई उठली. खुर्च्यांच्या मधून वाट काढत सतरंजीवर गेली आणि कौसल्याच्या बाजूला, रिकाम्या जागेवर बसली. गोविंदा सरकत जवळ आला. बाकीचीही आली. तिने कौसल्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि लेकीच्या मरणाची गोष्ट, सोप्या शब्दांत, अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.